बाणेरच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनियर सरांना

आदरणीय सर,

सा. न.

नाव लिहायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पण आभार सगळ्यांसमोरच मानायचे आहेत. बाणेरच्या इमारतीचं कौतुक होतं तेव्हा लोक माझ्याकडे बघतात, आणि ती जशी उभी आहे त्यातला मोठा वाटा तुमचा आहे.

आपल्याकडची रीत अशी की आर्किटेक्टने प्लॅन काढायचे, एलिव्हेशन क्लायंटकडून पसंत करून घ्यायचं आणि मग ‘कॉलम बसवून द्या’ म्हणून ड्रॉइंग इंजिनियरकडे धाडायचं. तुम्ही कागद कोरा असतानाच येऊन बसलात. खाली दोन बेसमेंट, त्यावर दुकानांचे दोन मजले, त्यावर सात मजले ऑफिसं. सुरुवात तुम्ही गाड्यांपासून केलीत. दोन कॉलमच्या मध्ये प्रत्येकी अडीच मीटर रुंद जागेत तीन गाड्या लागल्या पाहिजेत, म्हणून ८.४ मीटरचा ग्रिड, म्हणजे कॉलममधलं ठरावीक अंतर. कॉलम खालून वर सरळ जायचे, म्हणजे दुकानांची आणि ऑफिसांची मापंही तिथेच ठरली.

त्याच सुमारास तुम्ही मला शिकागोच्या जॉन हॅनकॉक सेंटरबद्दल सांगितलंत. आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम आणि आजच्या बांगलादेशात जन्मलेले इंजिनियर फझलूर खान यांनी मिळून उभी केलेली ती १०० मजली इमारत. ऑफिसं खाली, घरं वर. ऑफिसचा मजला खिडकीपासून आत लांबवर गेला तरी चालतो, घराला खिडकी जवळ लागते, म्हणून ती वर निमुळती होत जाते. आकार वापरातून आला आणि सांगाडाही त्याच आकारातून. एवढं नेमकं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

क्लायंटचा हट्ट होता की शोरूमच्या दर्शनी भागात एकही कॉलम नको. एखाद्याने ट्रान्सफर गर्डर, म्हणजे वरच्या कॉलमचा भार मध्येच पेलणारा जाड बीम, टाकून बिल लावलं असतं. तुम्ही कॅल्क्युलेटर काढून त्यांच्यासमोरच हिशेब मांडलात: गर्डर दीड मीटर उंचीचा, म्हणजे दुकानाची तेवढी उंची गेली, वर स्टीलचा खर्च. मग कॉलमची पुढची रांग २.४ मीटर आत घेऊन स्लॅब बाहेर काढायचं सुचवलंत. काच मोकळी राहिली आणि सगळे कॉलम फाउंडेशनपर्यंत सलग गेले.

लिफ्ट आणि जिने एका टोकाला टाका, म्हणजे मजला सलग विकता येईल, हीसुद्धा त्यांचीच मागणी. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. खाली काचेची उंच दुकानं, वर भिंती, त्यात सगळी ताकद एका बाजूला. भूकंपात अशी इमारत पिळली जाते. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत, तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या इमारती कोसळल्या होत्या. ‘पुणे कुठे तेवढं धोक्याचं?’ असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तुम्ही किल्लारीची आठवण दिलीत. १९९३ पूर्वी तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा गणला जायचा. त्यानंतर कोअर, म्हणजे लिफ्ट आणि जिन्यांचा गाभा, मधोमध आला आणि त्याच्या आरसीसी भिंती तळापासून गच्चीपर्यंत कुठेही न तुटता गेल्या. विक्रीला तो मजला थोडा अवघड गेला असेल. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

पण सगळ्यांत जास्त आभार मानायचेत ते तुमच्या पुढचं बघण्याबद्दल. वेगळी स्टोरेज खोली असलेल्या ऑफिसला कोडप्रमाणे चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन भार धरला तरी चालतो. तुम्ही सगळीकडे ४ धरलात, कारण आज ऑफिस आहे तिथे उद्या क्लास येईल, नाहीतर फायलींची कपाटं. पीटी स्लॅब, म्हणजे आत स्टीलच्या केबल ताणून बसवलेला स्लॅब, केल्यामुळे खोल बीम टळले आणि एसीच्या डक्टला वाट मिळाली. मात्र ताणलेली केबल ड्रिलने तुटली तर अनर्थ. म्हणून प्रत्येक स्लॅबच्या खालच्या बाजूला केबलच्या रेषा लाल रंगाने आखून घेतल्यात. मुकादम कुरकुरला, तुम्ही उभं राहून ते करून घेतलंत. गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूने पँट्रीच्या पाइपसाठी स्लॅबला भोक पाडायचं ठरवलं. प्लंबरने फॉल्स सीलिंग उघडलं, रेषा दिसल्या, त्याने थांबून मला फोन केला. भोक हातभर बाजूला घेतलं.

आणि तो शाफ्ट! ‘खाली कधी हॉटेल आलं तर धूर कुठून जाणार?’ हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हता. तुम्ही प्रत्येक स्लॅबमध्ये जागा सोडायला लावलीत. आता तळमजल्यावर उडुपी सुरू झालं आहे. चिमणी थेट गच्चीवर निघते आणि वरच्या ऑफिसांची एकही तक्रार नाही.

पुढच्या कामाचा माती परीक्षणाचा अहवाल आला आहे. मुरूम जेमतेम दोन मीटर, खाली काळा कातळ. अजून एकही रेघ मारलेली नाही. तुम्हाला सोयीचा दिवस कळवा, घ्यायला येते.

तुमची कृतज्ञ,
एक आर्किटेक्ट