मेडिकलमधल्या गोळ्या

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सहज बोलून गेलीस, ‘दोन दिवस ताप होता, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, आता बरी आहे.’ कसल्या गोळ्या विचारलं तर ‘अँटिबायोटिकच असतील’ म्हणालीस. फोनवर बोलले असते तर ओरडलेच असते, म्हणून लिहिते.

तू सातवीत असताना मीही तुझ्या बाबतीत हेच केलं होतं. पाच दिवस गोळ्या, ताप उतरला. आठवड्याने परत आला. पुन्हा गोळ्या. असं तीनदा. तुझ्या हृदयाला जन्मापासून बारीक छिद्र आहे, पण ‘लहान आहे, ऑपरेशन नको’ म्हटल्यावर मी निर्धास्त झाले होते. लहान छिद्रातून रक्ताची धार जोरात उडते आणि आतलं अस्तर खरवडतं, हे मला नंतर कळलं. किडलेल्या दाढेतून रक्तात गेलेल्या जंतूंनी तिथेच घर केलं. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डॉक्टरांनी मला हृदयाच्या झडपेला लोंबणारी जंतूंची गाठ दाखवली. एंडोकार्डायटिस म्हणतात याला, हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग.

कुठला जंतू आहे ते वाढवून बघायला तीन वेळा रक्त घेऊन कल्चरला पाठवलं. काहीच उगवलं नाही. माझ्या गोळ्यांनी जंतू दबले होते, मेले नव्हते. कुठला जंतू ते न कळताच सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. शेवटी शेवटी तुझ्या हाताला शीर सापडत नव्हती आणि नर्स दिसली की तू हात पाठीमागे लपवायचीस.

एकदा हा आजार झाला की पुन्हा होण्याचा धोका जन्मभर राहतो. म्हणून ताप परत आला तर कुठलीही गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांकडे जा, हृदयाचं सगळं सांग, आधी ब्लड कल्चर करा म्हण. आता या गोळ्या घेतल्या होत्या हेही सांग, लपवू नकोस. दाढ काढायची किंवा हिरड्यांचं काही करायचं असेल तर तासभर आधी अमॉक्सिसिलिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, तुझ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे तसं. ती चिठ्ठी फाइलमध्ये पहिल्याच पानावर लावली आहे. आणि मैत्रिणींबरोबर टॅटूबिटू अजिबात नको, सुईतूनही जंतू रक्तात जातात.

फाइलची झेरॉक्स डब्यासोबत पाठवते. चिक्की या वेळी घातली नाही, दातांत अडकते. बेसनाचे लाडू आहेत. त्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आजच पाठव, आणि आठवडाभर रोज संध्याकाळी ताप मोजून मला कळव.

तुझी,
आई