सोबत कोण वाजवतंय, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांचे आवडते जॅझ आणि रॉक अल्बम येऊ लागल्यापासून आमच्याकडे मिरजेत तेवढं पान आधी काढून घेतलं जातं आणि उरलेला पेपर घरच्यांना मिळतो. सदर चांगलं आहे, चालू ठेवा. तक्रार एकच आहे. अल्बमचं नाव येतं, मुख्य कलाकाराचं नाव येतं, सुचवणाऱ्या वाचकाचं नाव-गावही येतं. सोबत वाजवलं कोणी, ते मात्र कधीच येत नाही. 'काइंड ऑफ ब्लू – माइल्स डेव्हिस' एवढंच छापून मोकळं होणं म्हणजे लग्नपत्रिकेत फक्त नवऱ्या मुलाचं नाव घालण्यासारखं आहे.

ही खोड मला नोकरीने लावली. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. कार्डांच्या कपाटाच्या काळात एका पुस्तकाची तीन-चार कार्डं सहज व्हायची: एक लेखकाच्या नावाचं, एक शीर्षकाचं, अनुवादकाचं वेगळं, संपादक असला तर त्याचं आणखी एक. शोधायला येणारा कुठलं नाव धरून येईल, याचा नेम नसतो. अल्बमचंही तेच आहे. मागच्या बाजूची नावं वाचली की पुढचा अल्बम कुठला ऐकायचा, हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही.

त्याच 'काइंड ऑफ ब्लू'चं बघा. न्यूयॉर्कमध्ये १९५९ सालच्या २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोनच दिवसांत ते ध्वनिमुद्रित झालं. ट्रम्पेटवर डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टोवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स (एका रचनेपुरते विंटन केली), बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. आता यातलं कुठलंही नाव उचला. कोल्ट्रेनचं बोट धरलंत तर डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'अ लव्ह सुप्रीम'पाशी पोचाल. एव्हान्सचं धरलंत तर जून १९६१ मध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये मुद्रित झालेल्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी'पाशी. तिथे बासवर स्कॉट लफारो आहेत. वय अवघं पंचवीस, आणि त्या मैफिलीनंतर दोन आठवड्यांच्या आत मोटार अपघातात गेले. नाव ठाऊक असलं की तो बास कानाआड होत नाही. अ‍ॅडर्लींचं बोट धरलंत तर आणखी गंमत आहे. त्यांच्या १९५८ च्या 'समथिन एल्स'मध्ये चक्क माइल्स डेव्हिस साथीला आहेत. इथला नवरदेव तिथे वऱ्हाडी! आपल्या सदरात असा अल्बम नुसता 'कॅननबॉल अ‍ॅडर्ली' म्हणून छापला जाईल आणि डेव्हिस आवडणारा वाचक पान उलटून पुढे जाईल.

महिन्यातून एका रविवारी आम्ही काही जण एका डॉक्टरांच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. ज्याची पाळी असेल त्याने एक रेकॉर्ड आणायची, तिच्यावरची सगळी नावं मोठ्याने वाचायची आणि मग एक पूर्ण बाजू मध्ये न बोलता ऐकायची. वीस-बावीस मिनिटांचा मामला. चहा नंतर. जमणाऱ्यांत लग्नाच्या बँडमध्ये हयात काढलेले ट्रम्पेटवादक आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारे, म्हणजे घोडी घासून त्याचा झंकार जुळवणारे, चाचा आहेत. रॉकशिवाय दुसरं काही न ऐकणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगाही असतो.

'काइंड ऑफ ब्लू' लागलं त्या दिवशीची गोष्ट सांगते. डॉक्टरांकडची प्रत जुनी, त्यांच्या काकांनी परदेशातून आणलेली. पहिल्या बाजूची तिसरी रचना 'ब्लू इन ग्रीन' सुरू झाली आणि मामांनी नियम मोडला. "तोंडात डबी बसवलीया त्यानं, आन् वर माईकला चिकटून फुकतोय," म्हणाले. बरोबरच होतं. ट्रम्पेटच्या मुखात बसवायचं ते हार्मन म्यूट. त्यामुळे आवाज बारीक आणि धारदार होतो. मामा म्हणाले, वरातीत असलं काही लावलं असतं तर मालकानं त्याच रात्री हिशेब केला असता.

चाचा मात्र गप्प. बाजू संपल्यावर त्या मुलाने तीच पहिली रचना आपल्या मोबाइलवरून स्पीकरला लावली, तेव्हा चाचा म्हणाले, "ह्यो उतरा हाय. तबकडीवरचा चढा व्हता." सगळ्यांनी डॉक्टरांच्या टर्नटेबलवर संशय घेतला. चाचांनी दुसरी बाजू लावायला सांगितली. ती मोबाइलशी सुरात सूर जुळली. म्हणजे यंत्र निर्दोष! मग मी शोध घेतला. २ मार्चच्या सत्रात मूळ टेपचं यंत्र किंचित हळू चाललं होतं. ती टेप योग्य वेगाने वाजवली की सूर थोडा चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्याच दिवशीच्या, दुसऱ्या बाजूच्या एप्रिलमधल्या. जगभर माणसं ती बाजू चढ्या सुरात ऐकत राहिली आणि १९९२ च्या आवृत्तीत चूक दुरुस्त झाली. चाचांना हे सांगितलं तर ते फक्त "मग?" म्हणाले.

असल्या कानांच्या माणसांना नुसती यादी देऊन भागत नाही.

आता आपल्या घरातलं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची आणि मध्यावरच्या लेबलवर चार ओळी. गौहरजान १९०२ साली गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायच्या, कारण तबकडी जर्मनीत छापली जायची आणि तिथल्या कारागिरांना लेबल कोणाचं लावायचं ते कळायला हवं. साथीदारांना तेवढीही सोय नव्हती. बारा इंची लाँग प्ले आली, मागे वीतभर मोकळी जागा आली. जॅझवाल्यांनी ती कोण काय वाजवतंय हे सांगायला वापरली. आपल्या सिनेमावाल्यांनी मात्र बहुतेक वेळा नट-नट्यांच्या फोटोंनी भरली. याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो मुंबईच्या स्टुडिओंत राबलेल्या गोव्याच्या वादकांना. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये १९५१ साली स्वतःच्या बँडसह पडद्यावर दिसतात. ते दिसतात म्हणून निदान शोधता येतात. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या किती गाण्यांची वाद्यरचना बांधली, हे रेकॉर्डच्या वेष्टनावरून कोणाला कळणार? १९६८ मध्ये त्याच संगीतकारांच्या नावाने 'रागा-जॅझ स्टाइल' निघाली, अकरा रागांवरच्या अकरा रचनांची. सतारीवर रईस खान हे बहुतेकांना ठाऊक असतं. सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो हे सांगितलं की माना वर होतात. आपल्या यादीत ही रेकॉर्ड अजून एकाही वाचकाने सुचवलेली नाही, याचं नवल वाटतं.

रॉकवाल्यांनीही मुंबईत येऊन ध्वनिमुद्रण केलं आहे, आणि दोन पाहुण्यांनी यजमानांना दोन तऱ्हांनी वागवलं. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आले. 'वंडरवॉल म्युझिक'चा भारतीय भाग तिथे झाला. बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीची ही पहिलीच लाँग प्ले. तिच्या वेष्टनावर संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे अशी नावं आहेत. केंकरे वाचल्यावर मला कोण आनंद झाला! पुढे १९७२ च्या ऑक्टोबरात लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट आले. 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' या आपल्या दोन गाण्यांवर त्यांनी इथल्या वादकांबरोबर काम केलं. ते रखडून २०१५ मध्ये त्यांच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत बाहेर आलं. गाण्याच्या नावापुढे कंसात काय, तर 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. बस्स. तबला कोणाचा, व्हायोलिनं कोणाची? मामा दर वेळी नवं नाव सुचवतात आणि डॉक्टर दर वेळी ते खोडून काढतात.

'नावात एवढं काय, सूर ऐका' असं म्हणणारे आमच्यातही आहेत. त्यांना मी क्लेअर टॉरी यांची हकिकत ऐकवते. पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये शब्दांशिवाय टाहो फोडणारी जी बाई आहे, त्या या. आपल्या सदरात हा अल्बम इतक्यांदा आला आणि त्यांचा उल्लेख एकदाही नाही. १९७३ च्या जानेवारीतल्या एका रविवारी त्या लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत आल्या. काय गायचं हे कोणी धड सांगितलं नाही, समोर बँडमधल्या रिक राइट यांची रचना होती, बाईंनी तिथल्या तिथे गाऊन दाखवलं आणि ३० पौंड घेऊन त्या घरी गेल्या. गायिका म्हणून वेष्टनावर नाव लागलं, पण रचनेच्या श्रेयात नाही. २००४ मध्ये त्यांनी दावा लावला, पुढल्या वर्षी तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या गाण्याच्या रचनेखाली राइट यांच्याबरोबर टॉरी हे नावही छापलं जातं. तीस वर्षांहून जास्त काळ लागला. गाणं मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्याच गळ्यावर उभं होतं.

उलट उदाहरण म्हणजे स्टीली डॅनचा १९७७ चा 'एजा'. इंजिनिअरिंगच्या मुलाने आणला, रॉक म्हणून. वेष्टनावर गाणंनिहाय वादकांची नावं दिली आहेत. ती वाचताना शीर्षकगीताच्या सॅक्सोफोनपुढे वेन शॉर्टर हे नाव आलं आणि डॉक्टर खुर्चीतून उठलेच. शॉर्टर म्हणजे माइल्स डेव्हिसच्या साठच्या दशकातल्या पाच वादकांच्या संचातले. त्या संध्याकाळी जॅझवाले आणि रॉकवाले यांच्यातलं भांडण थोडं थंडावलं. (पुढच्या महिन्यात क्वीनच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'वरून पुन्हा पेटलं. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, हे सांगितल्याशिवाय आपल्याकडे क्वीन ऐकताच येत नाही. बासवर जॉन डीकन आहे, हे कोण सांगणार?)

मागच्या महिन्यात एका वाचकाने लिहिलं होतं की हे संगीत आपलं नाही, मराठी पेपराने त्यासाठी जागा का घालवावी. त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांनी फक्त त्रिलोक गुर्टू यांचा १९८८ चा 'उसफ्रेट' मिळवावा आणि वादकांची यादी वाचावी. तालवाद्यांवर मुंबईचे त्रिलोक, ट्रम्पेटवर अमेरिकेचे डॉन चेरी, आणि गायला आहेत त्रिलोक यांच्या आई शोभा गुर्टू. बेळगावात जन्मलेल्या, ठुमरीच्या शोभाताई. आमच्या मिरजेहून बेळगाव रेल्वेने काही तासांवर आहे.

तेव्हा विनंती अशी. वाचकांकडून अल्बम मागवताना चार गोष्टी सक्तीने मागा: कोण काय वाजवतं, ध्वनिमुद्रण कुठे, कधी, आणि ऐकणाऱ्याने कुठल्या बाजूपासून सुरुवात करावी. जागा लागली तर अल्बमच्या वेष्टनाचं चित्र लहान करा. ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. दहा अल्बम छापता तिथे चार छापा. नावं देवनागरीत कशी लिहायची अशी अडचण आली तर आम्ही मदत करू, इथे रिकामा वेळ बऱ्याच जणांकडे आहे.

नमुन्यादाखल आमच्या गटाची पहिली नोंद पाठवते, जशीच्या तशी छापावी:

'शक्ती विथ जॉन मॅकलॉफ्लिन'. गिटार जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिन एल. शंकर, तबला झाकीर हुसेन, मृदंगम आर. राघवन, घटम टी. एच. विनायकराम. श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रण ५ जुलै १९७५, साउथ हॅम्प्टन कॉलेज, न्यूयॉर्क राज्य. प्रकाशन १९७६. पहिल्या बाजूपासून सुरुवात करावी. 'जॉय' ही रचना अठरा मिनिटांची आहे, मध्ये उठू नये.

शक्तीसाठी मॅकलॉफ्लिन यांनी मुख्य तारांखाली तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा बसवलेली गिटार करवून घेतली होती, ती बनवणाऱ्याचंही नाव घाला असा चाचांचा आग्रह आहे. म्हणून तेही देते: अब्राहम वेक्टर, गिब्सन कंपनी.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, मिरज
(नाव व पत्ता संपादकांसाठी स्वतंत्र कागदावर दिला आहे.)