कम्प्युटरवरचा क्रोम मी काढलाय, रागावू नका

ती. आई, बाबा,

आत्ताच आईशी बोलले. बाबा कम्प्युटर उघडतच नाहीयेत म्हणे, "तिने सगळं बदलून ठेवलंय" एवढंच म्हणतात आणि पेपर घेऊन बसतात. बाबा, सगळं नाही हो बदललं. क्रोम हा ब्राउझर, म्हणजे इंटरनेटची पानं उघडायचा प्रोग्राम, काढला आणि त्याच्या जागी फायरफॉक्स ठेवला, इतकंच. आणि विचारलं नाही कारण विचारलं असतं तर तुम्ही "बघू पुढच्या वेळी" म्हणाला असतात, आणि आपल्या घरात पुढची वेळ कधी येते ते गीझरच्या वेळी कळलंय सगळ्यांना. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही मध्येच "हां हां" करून फोन आईकडे देता, म्हणून लिहून पाठवतेय. आईने वाचून दाखवू नये, स्वतः वाचा.

आधी हे सांगते की तुमचं काहीही गेलेलं नाहीये. शब्दकोडं, बुद्धिबळ, आईची विणकामाची पानं, सगळे बुकमार्क फायरफॉक्समध्ये आलेत, वरच्या पट्टीवर त्याच क्रमाने लावलेत. साठवलेले पासवर्डही आणलेत. तुमचे ते ढीगभर उघडे टॅबही तसेच ठेवलेत, एकही बंद केला नाही, हात शिवशिवत होते तरी. कम्प्युटर बंद करून चालू केलात तरी ते परत येतात, तशी सेटिंग केलीये. चुकून एखादा बंद झालाच तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबा, परत उघडतो. आणि क्रोम काढताना त्याचा डेटा पुसा अशी खूण मी केली नाही, म्हणजे अगदीच नाही जमलं आणि क्रोम परत टाकला तर सगळं जिथल्या तिथे दिसेल. म्हणजे मी काही पूल जाळून आलेले नाही.

आता का केलं ते. एक तर तुमच्याकडे तीन ब्राउझर होते, क्रोम, एज, आणि तो तिसरा जो दादाने काहीतरी डाउनलोड करताना सोबत आला. एकात बाबांचे पासवर्ड, दुसऱ्यात आईचे, तिसऱ्यात कोणाचं काय देव जाणे. मग बाबा म्हणणार पासवर्ड गेला, आई म्हणणार मी हात लावला नाही. तिसरा पहिल्यांदा काढला, त्याबद्दल कोणी काही बोलू नये.

पण खरं कारण ते फेब्रुवारीतलं. विषय काढायचा नाही असं ठरलंय आपलं, तरी काढतेय. स्क्रीनभर लाल पाटी, भोंगा वाजतोय, या नंबरवर फोन करा नाहीतर सगळं पुसलं जाईल. बाबा, तुम्ही फोन केला नाहीत, नंबर फिरवून थांबलात, ते तुमचं कौतुकच आहे. पण त्या रात्री तुमचं बीपी किती होतं ते आईने मला नंतर सांगितलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. आणि तुम्हाला वाटतं की मी तुम्हाला म्हातारं समजते, तसं अजिबात नाहीये, ज्यांचा धंदाच फसवायचा आहे ते रात्रंदिवस तेच करत असतात, आमच्या ऑफिसमधली तिशीतली माणसं फसलीयेत.

असल्या पाट्या पुष्कळदा जाहिरातींमधून येतात. म्हणून मला जाहिराती अडवणारं चांगलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, हवं होतं, यूब्लॉक ओरिजिन नावाचं, फुकट आहे, बनवणारा रेमंड हिल देणग्यासुद्धा घेत नाही. ते क्रोममध्ये पूर्वी चालायचं. मग गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही थ्री म्हणतात त्याला, २०२४ पासून जुन्या नियमांवरची एक्स्टेन्शनं क्रोममधून टप्प्याटप्प्याने बंद करत आणली आणि २०२५ मध्ये ती बंदच झाली. यूब्लॉकचं 'लाइट' नावाचं छोटं भावंड चालतं क्रोममध्ये, ते अगदी वाईट नाही, पण मला पूर्ण ताकदीचं हवं होतं आणि फायरफॉक्सने जुनी पद्धतही चालू ठेवलीये. बस, हे एवढंच आहे. क्रोम वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोमच आहे.

तुम्ही म्हणाल मग ब्रेव्ह का नाही, कारण दादाने ते नाव तुमच्या कानावर घातलंय. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवायची सोय आतच आहे, खरंय. पण उघडल्या उघडल्या त्यात क्रिप्टोचं पाकीट आणि बक्षिसांचे पॉइंट वगैरे दिसतात, ते बंद करता येतं, पण बाबा, तुम्ही 'बक्षीस' दिसलं की क्लिक करणार, मला माहितीये. आणि ब्रेव्ह, ऑपेरा, एज, ही वेगवेगळी दिसणारी सगळी मंडळी आतून क्रोमियमच, म्हणजे गूगलच्याच इंजिनावर. एजसुद्धा जानेवारी २०२० पासून त्याच्यावरच आहे. फायरफॉक्सचं इंजिन स्वतःचं आहे, गेको.

आणि बाबा, तुम्हाला नेटस्केप आठवतं ना? तो मोडेमचा खर्रर्र आवाज, तेवढा वेळ फोन एंगेज आणि आत्या नंतर ओरडायची. मी तुमच्या मांडीवर बसून त्या कोपऱ्यातल्या एन अक्षरामागून उल्का पडताना बघायची, पान यायला जितका उशीर तितक्या जास्त उल्का, मला तर पान येऊच नये असं वाटायचं. तुम्ही सांगायचात की हलू नको, हललीस तर लाइन तुटेल, आणि मी खरंच श्वास धरून बसायचे. त्या नेटस्केपवाल्यांनी १९९८ मध्ये आपला कोड सगळ्यांसाठी खुला केला, त्यातून मोझिला निघालं आणि त्यातून २००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स १.० आला. म्हणजे हा तुमच्या नेटस्केपचा नातूच आहे. परका नाहीये तो. परका तर ते निळं ई गेलं तेव्हा क्रोम होता तुम्हाला, १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर बंद केला तेव्हाही असेच रुसला होतात आणि नंतर क्रोमशिवाय पान हलेना.

एक गोष्ट दादा सांगणारच आहे म्हणून मीच सांगून टाकते. मोझिलाचा बराचसा पैसा गूगलकडूनच येतो, फायरफॉक्समध्ये गूगलचं सर्च आधीपासून लावून ठेवतात त्याचा. म्हणजे फार काही सोवळं नाहीये कोणाचंच. पण मोझिला कंपनी एका ना-नफा फाउंडेशनच्या मालकीची आहे, तेवढा फरक मला पुरतो. आणि फायरफॉक्सने कम्प्युटर पळायला लागेल असंही नाही, मेमरी दोघंही खातात, तुमचे टॅब सगळ्यात जास्त खातात.

आता आई, तुझ्यासाठी. अक्षरं मोठी केलीयेत, कायमची, प्रत्येक पान १३३ टक्क्यांवर उघडेल. अजून मोठं हवं असेल तर कंट्रोल धरून अधिकचं बटण, लहान हवं तर उण्याचं. लेख वाचताना आजूबाजूला गिचमीड असेल तर एफ ९ दाब, नुसता लेख उरतो, पांढऱ्यावर काळा, किंवा फिकट पिवळ्यावर, तुला जसं बरं वाटेल तसं. काही काही पानांवर ते चालत नाही, वैतागू नकोस. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत रात्री उजेड न लावता स्क्रीन बघत बसायचं नाही, हे मी बाबांनाही सांगून ठेवलंय आणि ते मला रिपोर्ट देतात.

आणि डोळे दमले की ऐक. यासाठी मात्र एज चांगला. त्यात लेख उघडून कंट्रोल, शिफ्ट, यू दाबलंस की तो वाचून दाखवतो, मराठी आवाज आहेत त्यात, एक आरोही आणि एक मनोहर, नेट चालू पाहिजे. मी ऐकून पाहिलं, आरोही बरी वाचते, आकडे आले की जरा अडखळते.

एज ठेवलाय तो मुख्यतः बँकेसाठी. हे बाबा, नीट वाचा. बँक, पेन्शन, विजेचं बिल, जिथे पैसे आहेत ते सगळं फक्त एजमध्ये. त्यात एकही एक्स्टेन्शन नाहीये, मुद्दाम, कारण एक्स्टेन्शन कितीही भलं असलं तरी त्याला पान वाचायची परवानगी दिलेली असते, ते बँकेच्या पानावर कशाला? शिवाय काही सरकारी किंवा बँकेच्या साइट फायरफॉक्समध्ये रुसतात, क्रोम वापरा म्हणतात, त्या एजमध्ये चालतात कारण आतून तेच. बँकेचा पत्ता सर्चमध्ये शोधायचा नाही, वर स्टार केलेला आहे त्यावरच जायचं. सर्चमध्ये वरती जे येतं ते कधी कधी पैसे देऊन वर आणलेलं असतं. आणि कस्टमर केअरचा नंबर तर कधीच सर्च करून घ्यायचा नाही, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो तोच. कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी असंही नाही, कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या मध्ये कोणी वाचत नाही, पलीकडे चोर बसला असेल तर चोरालाही कुलूप मिळतं. आई आरोही ऐकायला एज उघडणार, चालेल, पण बँकेचं काम चालू असताना दुसरा टॅब उघडायचा नाही. आईलासुद्धा नाही.

फायरफॉक्समध्ये नोटिफिकेशनची परवानगी मागणं मी बंदच केलंय. तरी कुठे काही "अलाऊ" विचारलं तर नाही म्हणा. एखाद्या पानावर "तुमचा ब्राउझर जुना झालाय, अपडेट करा" असं आलं तर ते खोटं, पान बंद करा. खरा अपडेट फायरफॉक्स आपला आपण घेतो, फार तर रीस्टार्ट करू का एवढं विचारतो, त्याला हो म्हणायचं, उद्यावर ढकलायचं नाही. तो एज मधून मधून विचारेल की मलाच कायमचा ब्राउझर करा, त्याला नको म्हणा, सौजन्याने, तुमच्या पद्धतीने.

आणि तशी लाल पाटी परत आलीच तर घाबरायचं नाही. एस्केप दाबून धरा, नाही गेली तर ऑल्ट आणि एफ ४, तरी नाही गेली तर सरळ बटण दाबून कम्प्युटर बंद करा. पुन्हा चालू केल्यावर ते पान परत उघडू का विचारलं तर नाही म्हणा, आणि बाकीच्या टॅबांबरोबर ते आपोआपच उघडलं तर तेवढा टॅब बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, नंबर दिसला की समजायचं चोर. मग मला फोन करा, मीटिंगमध्ये असले तरी, दोनदा केलात तर मी उचलतेच.

फायरफॉक्समध्ये साठवलेल्या पासवर्डवर एक मुख्य पासवर्ड लावलाय. तो इथे लिहीत नाही, आईला सांगितलाय. तो विसरलात तर आतले सगळे पासवर्ड पुसूनच पुढे जाता येतं, म्हणून निळ्या डायरीत लिहा आणि डायरी कम्प्युटरजवळ नाही, कपाटात. बाबा, मॉनिटरला चिकटवलेल्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या मी काढल्यात, फेकल्या नाहीत, तुमच्या चष्म्याच्या घरात आहेत.

पंधरा दिवस वापरून बघा. मनापासून वापरा पण, मला दाखवायला म्हणून नाही. नाहीच रुचला तर मी स्वतः क्रोम परत टाकून देईन, यूब्लॉक लाइट लावून, आणि एक शब्द बोलणार नाही. (एखादा बोलेन.) पण दादाला तोवर माउसला हात लावू देऊ नका. बीपीची गोळी रात्रीची चुकवू नका, आई, तू समोर उभी राहून दे. आणि ऑपरेशनची तारीख कळली की लगेच मेसेज कर, मला रजा आधी टाकावी लागते.

तुमची,
चिमी