वेगासोबत तडजोडही जाहीर व्हावी

महोदय,

एआय प्रणालींच्या वाढत्या वेगाचे स्वागत करणारा आपला लेख वाचला. मात्र हा वेग कशाच्या बदल्यात मिळतो, हा प्रश्न त्यात राहून गेला. पुढची आज्ञा अंदाजाने आधीच राबवण्याच्या युक्तीमुळे प्रोसेसर वेगवान झाले, पण त्याच युक्तीतून गुप्त माहिती झिरपू शकते हे जानेवारी २०१८मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटींमुळे उघड झाले आणि दुरुस्तीनंतर अनेक संगणक मंदावले. आज एआय मॉडेलमधील १६ बिटांचे आकडे ४ बिटांवर आणून, म्हणजे कमी अचूकतेने साठवून, मेमरी वाचवली जाते आणि वेगही वाढवला जातो. चाचण्यांतील सरासरी गुण अनेकदा फारसे घसरत नाहीत, परंतु क्वचित विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे बिघडू शकतात आणि वापरकर्त्याला त्याची कल्पनाही नसते. वैद्यकीय सल्ल्यात तरी हे अक्षम्य आहे. मॉडेल असे आकसले असल्यास ती बाब आणि त्यानंतरचे चुकांचे प्रमाण जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक करावे.

– एक वाचक