हायड्रोजन आधी गोदामात

महोदय,

हायड्रोजनची चर्चा आपल्याकडे बस आणि मोटारींपाशीच अडकते. अमेरिकेत मात्र हे तंत्र चांगले रुजले ते गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांमध्ये, आणि २०१७ साली ॲमेझॉन व वॉलमार्ट या दोघांनीही त्यासाठी प्लग पॉवर या कंपनीशी करार केले. विजेवरच्या फोर्कलिफ्टची नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज व्हायला सुमारे आठ तास आणि थंड व्हायला जवळपास तेवढेच तास लागतात, त्यामुळे तीन पाळ्यांच्या गोदामात एका गाडीमागे दोन-तीन बॅटऱ्या आणि चार्जिंगसाठी वेगळी जागा ठेवावी लागते. हायड्रोजनची टाकी दोन-तीन मिनिटांत भरते. गंमत म्हणजे बॅटरीचे जबर वजनच उचललेल्या मालाविरुद्ध गाडीचा तोल सांभाळत असल्याने, तिच्या जागी बसणाऱ्या हलक्या फ्युएल सेलच्या (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचाच्या) पेटीत मुद्दाम वजन भरावे लागते.

भिवंडीच्या मोठ्या गोदामांनी हा विचार जरूर करावा. एका पाळीच्या छोट्या गोदामाला मात्र, माझ्या मते, जेवणाच्या सुट्टीतही चार्ज करता येणारी लिथियम बॅटरीच परवडेल. शिवाय आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू वा कोळशापासून बनतो. तेव्हा तो कशापासून बनवला, हे विचारल्याशिवाय सरकारने अनुदान देऊ नये.

एक वाचक, भिवंडी