वरातीच्या घोडीला लाडू भरवू नका

महोदय,

लग्नसराई ऐन भरात आहे आणि नागपूरचा पारा चढतोच आहे. महाल-इतवारीतून वरात निघाली की हौशी वऱ्हाडी घोडीला लाडू, पोळ्या, उरलीसुरली बुंदी प्रेमाने भरवतात. कृपा करून भरवू नका. घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले वर येतच नाही. पोट फार फुगले तर जठर फुटूही शकते. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला असताना पोटशुळाने तडफडणाऱ्या घोड्या मी पाहिल्या आहेत. मान वळवून सारखी कुशीकडे बघायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची, घामाने निथळायची. बघणाऱ्यांना वाटायचे, नखरे करते आहे!

घोडा तोंडाने श्वासही घेत नाही, फक्त नाकाने. तेव्हा मोरकीची झालर नाकपुड्यांवर लोंबू देऊ नका. डीजेच्या दणक्यात तिचे कान मागे चपटे झाले, तर ती त्रासली आहे असे समजा आणि पोरांना तिच्या मागून पळू देऊ नका. अगदी पाठीमागचे तिला दिसत नाही.

उन्हाळ्यात घोड्याला दिवसाला 40 लिटरहून अधिक पाणी लागू शकते. यजमानांनी मंगल कार्यालयाच्या दाराशी दोन बादल्या भरून ठेवाव्यात, आणि घोडेवाल्याला तसे आधीच सांगावे.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, महाल, नागपूर