४१ रुपये ६६ पैशांची गृहभेट : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या आशांचे (गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांचे) एचबीएनसीचे, म्हणजे नवजात बाळाच्या गृहभेटींचे, फॉर्म गठ्ठ्याने परत आले. शेरा सगळ्यांवर एकच : ‘वजनाची नोंद नाही, क्लेम अपात्र.’ नोंद नाही कारण वजनकाटा नाही. काटा बिघडल्याचे आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई दर महिन्याच्या अहवालात लिहितात आणि वरून दर महिन्याला ‘मागणी पाठवली आहे’ एवढेच उत्तर येते. मागणी पाठवणाऱ्यांचा पगार वेळेवर होतो. कपात आमच्या मोबदल्यात.

हा फॉर्म आपल्या टेबलावर कधी आला नसेल, म्हणून सांगते. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. घरी बाळंतपण झाले तर पहिल्या दिवसाची भेट वाढते. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. सहाने भागले की ४१ रुपये ६६ पैसे. घरच्या बाळंतपणात तर ३५ रुपये ७१ पैसे, कारण सातवी भेट शासनाने फुकटात मागितली आहे.

या एका भेटीत करायचे काय? आधी साबणाने हात धुवायचे. काट्याला झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा. रिकाम्या झोळीसकट शून्य केला नाही तर झोळीचे वजन बाळाच्या नावावर चढते, आणि २४५० ग्रॅमचे बाळ कागदावर अडीच किलोचे होऊन कमी वजनाच्या यादीतून निसटते. मग बाळ झोळीत ठेवायचे, काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा, सुई थांबली की वाचायचे. काखेत थर्मामीटर. ९७ फॅरनहाइटच्या खाली आले तर बाळ थंड पडतेय, आईच्या उघड्या छातीशी धरायला लावायचे, वरून पांघरूण, डोक्याला टोपी. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, आणि तेही बाळ शांत असताना, कारण रडत्या बाळाचा आकडा खोटा येतो. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे, पुन्हा तेवढेच आले तर रेफर. छाती आत ओढली जातेय का, नाळेत पू आहे का, बाळाने अंगावर ओढणे सोडले का, हातपाय ढिले पडले का. मग आईकडे वळायचे : रक्तस्राव किती, अंगावरून जाणाऱ्याला वास आहे का, ताप, स्तनात गाठ. आणि नाळेला हळद-तेल लावू नका हे सासूबाईंना त्यांचा मान राखून सांगायचे. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

थर्मामीटरचा बटण सेल संपला की आम्हीच आणतो. टॉर्चचेही तसेच.

आता अटी बघा. पैसे ४२ दिवस झाल्यावरच. तोवर बाळाची जन्मनोंदणी झालेली हवी, माता-बाल कार्डावर वजन हवे, बीसीजी, पोलिओ आणि पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस झालेला हवा. पेंटाव्हॅलंट देतात सहा आठवड्यांना, म्हणजे बेचाळिसाव्या दिवशी. गावात लसीकरणाचे सत्र महिन्यातून एकदा. सत्रानंतर दोन दिवसांनी सहा आठवडे भरणाऱ्या बाळाला पुढचे सत्र जवळजवळ महिनाभराने, आणि क्लेमची तारीख त्याच्या मागे. हे गणित मुंबईत बसून कुणी मांडलेच नाही.

शेवटची अट तर वाचून बघाच : आई आणि बाळ ४२ दिवस सुखरूप असले पाहिजेत. म्हणजे पंचविसाव्या दिवशी बाळ दगावले तर आधीच्या चार भेटी केल्याच नव्हत्या असे धरायचे. रुग्ण दगावला म्हणून कुठल्या सर्जनचा त्या महिन्याचा पगार कापता का?

दवाखान्यात बाळंतपण व्हावे म्हणून असलेल्या जननी सुरक्षा योजनेचे त्याहून भारी. ग्रामीण भागात आशाला ६०० रुपये : ३०० गरोदरपणातल्या तपासण्यांचे, ३०० दवाखान्यात बाळंतपण घडवून आणल्याचे. महाराष्ट्रात ते फक्त दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातांसाठी. शेजारच्या घरातल्या, रेशनकार्डाचा रंग वेगळा असलेल्या बाईबरोबर तेवढीच रात्र लेबर रूमच्या बाहेर काढली तर शून्य. आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते हे योजना लिहिणाऱ्याला कुणी सांगितले नसावे. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी सासरच्या आशाची, लोहाच्या १८० गोळ्या तिच्या, त्या कॅल्शियमबरोबर एकदम घेऊ नकोस, दोन तास अंतर ठेव, हे बजावणे तिचे, दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गरोदर मातांच्या तपासणीला नेणे तिचे. सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी गेली की अर्धा मोबदला दुसऱ्या तालुक्यात. माहेरच्या आशाच्या हाती ऐनवेळी अनोळखी जोखमीची माता, आणि कार्ड सासरीच राहिलेले. दोघींत भांडण लागते, कार्यालय मजा बघते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे तर विचारूच नका. दिवाळीनंतर सहा महिने बाई कुठल्या कारखान्याच्या फडात आहे हे नोंदींच्या ऑनलाइन पोर्टलला कळत नाही आणि ‘ड्यू लिस्ट’, म्हणजे राहिलेल्या कामांची यादी, मात्र आमच्या नावावर लाल होत जाते.

मातांना मिळणारे मातृवंदना योजनेचे ५ हजार (दुसरी मुलगी झाली तर ६ हजार) लाभार्थीच्या आधार जोडलेल्या खात्यात जातात. आधारवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे. अर्ज अडकतो. जाब विचारायला घरचे येतात ते आमच्या दारात, आपल्या नाही.

आता आश्वासनांकडे येऊ. २०२३ च्या दिवाळीआधी आमच्या महिन्याच्या मोबदल्यात ७ हजारांची वाढ जाहीर झाली. जीआर निघेना. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप केला, बायका आझाद मैदानात उघड्यावर झोपल्या, आणि मार्चमध्ये कागद निघाला तो ५ हजारांचा. मधले २ हजार कुणाच्या खिशात गेले? राज्यात आम्ही सुमारे ७० हजार. गुणाकार आपणच करा, महिन्याला १४ कोटी होतात. केंद्राने नियमित कामाचा मोबदला २ हजारांवरून साडेतीन हजार केल्याचे २०२५ मध्ये संसदेत सांगितले. आमच्या खात्यात मात्र एकगठ्ठा रक्कम येते, कशाचे किती ते कुठेच नसते. किराणा दुकानदारसुद्धा पावती देतो.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. फोटो छान आले होते. ज्या गृहभेटींवर देशाची ही योजना उभी आहे त्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेच्या प्रयोगातून आल्या, तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. म्हणजे हे शास्त्र महाराष्ट्राचेच, आणि ते वापरणारीला काटाही महाराष्ट्रच देत नाही. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना (आशा, अंगणवाडी ताई अशा सरकारी योजनांत राबणाऱ्यांना) कामगार म्हणून मान्यता द्या अशी शिफारस केली. अंगणवाडी ताईंना सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. आम्ही अजून ‘स्वयंसेविका’. स्वयंसेविकेला नोटीस कशी निघते, पोर्टल भरले नाही तर काम काढून घेण्याची धमकी कशी मिळते, हे विधी विभागाला विचारून कळवावे. सर्व्हे कुष्ठरोगाचा असो, क्षयाचा असो की कार्ड काढण्याचा, स्वयंसेवा आमचीच. निवडणूक आली की बूथवरही आशा. किमान वेतन मागितले की मात्र आम्ही समाजसेवक.

मागण्या मोठ्या नाहीत, कायम करण्याची मागणी संघटना करतेच आहे. मी फक्त तेवढेच मागते जे एका सहीने होईल. परत आलेले फॉर्म मंजूर करा. काटा आणि थर्मामीटर उपकेंद्रात जादा ठेवा, बिघडला की त्याच दिवशी बदलून मिळेल. बाळ किंवा आई दगावल्यास झालेल्या भेटींचे पैसे द्या. माहेर-सासरचा मोबदला तपासण्यांच्या नोंदीप्रमाणे वाटा. दर महिन्याला कामनिहाय पावती द्या.

उत्तर जावक क्रमांकासह कागदावर द्यावे. व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे आदेश आम्ही रोज वाचतो, त्यात आणखी एकाची भर नको.

आपली,
एक आशा स्वयंसेविका